टेपवर भरलेला बाबांचा प्रश्न

ज्या जपानी कार्टून मालिकेसाठी मी शाळेतून पळत घरी यायचे, तिचा शेवटचा भाग हिंदीतून एकदाच लागला. मी चौथीत होते. व्हीसीआर नव्हता, म्हणून कोरपना गावातल्या आमच्या घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी नुसता आवाज भरून घेतला. चित्रं आजही मिळतात; तो हिंदी आवाज कुणाकडेच उरला नाही. जुनी कार्टून जपणाऱ्या एका ऑनलाइन संग्रहाची कार्यकर्ती कधीची त्याच्या शोधात होती. माझ्याकडे आहे, असं तिला कळवलं, कॅसेट संगणकावर उतरवली आणि अडकले.

टेपवर बाबा होते. त्याच वर्षी त्यांनी परदेशी कार्टूनविरुद्ध पत्रक काढलं होतं. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघांनी ते वाटलं होतं. असल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. टेपवर सुरुवातीला ते माझ्यावर चिडतात. मग गप्प होतात. आणि शेवटी, जखमी नायक बहिणीला काही सांगत असताना, त्यांचा घोगरा आवाज येतो: "मरते का तो?"

आता हे ऐकवलं, तर बाबा खवळले. "हे नको टाकू. लोक म्हणतीन, चौकात पत्रक वाटे अन् घरी कार्टून पाहे."

मी कापून पाहिलं. त्यांचा प्रश्न काढला की नायकाचं शेवटचं वाक्यही जात होतं. सगळ्यांचं ते सगळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे, असं मी सभांमधून ओरडून सांगते. पण बापाचा आवाज त्याला नको असताना वाटायचा हक्क मला कुणी दिला? चार दिवस एका जागी बसवेना. काम नसताना चंद्रपूरला जाऊन आले. कार्यकर्तीचे निरोप येत राहिले, मी उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी बाबांना कापलेलं ऐकवलं.

"तो शेवटी काय म्हणते?"

"तेच गेलं, बाबा. तुमच्यासोबत."

बाबा म्हणाले, "मंग नको कापू."

संग्रहाला पाठवायच्या फाइलच्या माहितीत मी लिहिलं, 'मागे घरातल्या माणसाचा आवाज.' चष्मा लावून त्यांनी ते वाचलं. "घरातला माणूस म्हंजे कोण? बिननावाचं पत्रक मी कधी काढलं नाई. माहं नाव टाक."

मालिकेचे हक्क कुणाकडे आहेत, ते मला ठाऊक नव्हतं. उद्या नोटीस आली तर तुमच्या नावावर येईल, असं मी सांगितलं.

"आली त वाचू."

मी नाव लिहिलं, आणि बोट ‘पाठवा’च्या बटणावर अडलं.

"आता थांबली काऊन?" बाबा म्हणाले.