नऊ वर्षांपूर्वीचा उजेड

रविवारी सकाळी अकरा वाजता माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात माझा कायदा होता. तो कुणी पाळत नसे, हा भाग वेगळा. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि टीव्हीवर अंतराळयानाची एक हिंदी मालिका लागायची तिच्यापायी पार खुळी झाले होते. मालिकेचं खरं नाव आमच्या वस्तीत कुणी घेत नसे. सगळे तिला ‘यानवाली’ म्हणत आणि म्हणताना माझ्याकडे बघून हसत.

हसण्यासारखं होतंही. यानाच्या भिंती थर्माकोलच्या होत्या. एकदा कॅप्टनचा कोपर लागून अख्खी भिंत डुलली, ते तसंच दाखवलं. परग्रहावरचे लोक म्हणजे कपाळाला चांदीचा रंग फासलेली आपलीच माणसं. पण मालिका लिहिणाऱ्याला विज्ञान कळत होतं, आणि माणसंही. जुन्नरच्या कॉलेजात आमचे सर जे फळ्यावर लिहून पाच मिनिटांत पुसून टाकायचे, ते तिथे कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. त्यामुळे भिंत डुलली तरी मला फरक पडत नसे. जो हसेल त्याच्याशी मी भांडायचे.

आम्ही मूळचे आंबेगाव तालुक्यातले. आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी तिसरीत होते. तिथून उठलेल्या वीसेक घरांनी जुन्नरकडे, आळे गावाजवळ वस्ती केली. उठताना लोकांनी घरं उसकटून वासे, तुळया, कौलं बरोबर आणली. जोती तेवढी मागे राहिली, कारण एवढे दगड कोण वाहणार. दरवर्षी वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की ती जोती आणि देवळाचा चौथरा उघडा पडतो. मग वस्तीतली माणसं नैवेद्य घेऊन जुन्या गावच्या देवाला जाऊन येतात. आई दरवर्षी जायची. दादा, म्हणजे माझे वडील, एकदाही गेले नव्हते. आई विचारायची आणि दादा म्हणायचे, “काम हाय.” वैशाखात आमच्या शेतात काय काम असतं ते आईला चांगलं ठाऊक होतं. ती एकटी जाऊन यायची आणि आल्यावर दोन दिवस दोघांत अबोला असायचा. जुन्या गावाबद्दल दादांच्या तोंडून मी चकार शब्द ऐकला नव्हता. त्यांनी ते गाव मनातूनच पुसून टाकलं असावं असं मला वाटायचं, आणि त्याचा मला राग होता.

त्या रविवारीही आईचं विचारून झालं होतं. बुधवारी सगळे निघणार होते. “काम हाय,” म्हणून दादा टीव्हीसमोर येऊन बसले. शेजारचे काका आले, आई चिंचा फोडायला बसली, आणि यानवाली सुरू झाली.

त्या भागात एका ग्रहाचा सूर्य विझत चालला होता. सगळ्यांनी ग्रह सोडून निघायचं, असा हुकूम सुटला. झालं, काका सरसावून बसले.

“जमीन कुठं देत्यात यांना? लाभक्षेत्रात, कालव्याखाली का?”

“काका, ते परग्रहावरचे लोक आहेत.”

“म्हनून काय झालं? थोरल्या पोराला येगळा प्लॉट मिळाय पायजे का नको?”

“चुली कुठं मांडायच्या यांनी त्या डब्यात?” आई म्हणाली. तिला खरोखरच काळजी पडली होती.

मला हसू येत नव्हतं, संताप येत होता. जगातल्या कुठल्याही प्रेक्षकाला त्या विझणाऱ्या सूर्याचं काहीतरी वाटलं असतं. आमच्या माणसांना त्यात पुनर्वसन दिसत होतं. कहर म्हणजे दादाही बोलले. “पयलं दाखले घ्या म्हनावं हातात. मागनं कोन वळखत न्हाई.”

“आता कुणी बोललं तर मी टीव्ही बंद करीन,” मी ओरडले. मी तो कधीच बंद केला नसता, हे तिघांनाही माहीत होतं. तरी गप्प बसले.

यानानं आडवाटेनं एक उडी घेतली आणि ते लोक डोळ्याची पापणी लवते न लवते तोच भलत्याच लांब पोचले. इतके लांब, की त्यांच्या ग्रहावरून निघालेल्या उजेडाला तिथवर यायला नऊ वर्षं लागावीत. यानातल्या एका बाईनं मागे वळून दुर्बीण लावली. दुर्बिणीत ग्रह दिसला, पण त्याचा सूर्य विझू लागलेला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी निघालेला उजेड आत्ता कुठे पोचत होता, म्हणून नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस तिथे जसाच्या तसा चाललेला दिसत होता. बातमी यानभर पसरली. रांग लागली. प्रत्येकाला आपलं घर बघायला दोन मिनिटं. एक म्हातारा खूप वेळ रांगेत उभा राहिला, त्याची पाळी आली, त्यानं डोळा लावला आणि एवढंच म्हणाला, “घरात दिवा लागलाय.” तिथे भाग संपला.

मी ढसाढसा रडत होते. पुढे नोकरी लागल्यावर मी खर्चिक परदेशी मालिका पुष्कळ पाहिल्या, त्यांच्या भिंती अजिबात डुलत नाहीत. पण त्या रांगेच्या तोडीचं काही मला अजून भेटलेलं नाही. थर्माकोलच्या त्या खोलीत उभं राहून कुणीतरी इतकं नेमकं लिहिलं, यासाठी त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेत असं मला आजही वाटतं.

जाहिराती सुरू झाल्या. काका उठून गेले. दादा जागचे हलले नाहीत.

“हे खरं हाय का गं? का आपलं शिनिमातलं?”

“यान खोटं आहे दादा. उजेडाचं खरं आहे. अंगणात पडलंय ते ऊन सूर्यावरून निघून आठ मिनिटं झालीत.”

दादांनी अंगणाकडे पाहिलं. मग मला विचारलं, “मंग आपलं गाव?”

आईचा चिंच फोडणारा हात थांबला. मी मनातल्या मनात हिशेब केला. आम्हाला उठूनही नऊच वर्षं झाली होती.

“तेवढ्या लांबून कुणी बघत असेल तर त्याला दिसत असेल,” मी म्हणाले. “आपण कौलं उतरवतोय, ते.”

“त्याच्या आदलं?”

“अजून लांब गेलं की अजून आधीचं.”

“म्हंजे माझा बा औत धरल्याला दिसंल?”

“दिसेल.”

“तितनं हाक मारली तर?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ज्या मालिकेनं मला कधी फसवलं नव्हतं तिच्या नावावर खोटं कसं खपवू? “नाही ऐकू जाणार, दादा. फक्त दिसतं. आणि दिसेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.”

दादांनी हातावर घेतलेली तंबाखू न मळताच पुन्हा डबीत टाकली. “नुसतं बघाया लोकं एवढ्या रांगंत उभी ऱ्हात्यात,” ते म्हणाले. “आन माझ्यानं घोडेगावच्या पल्याड, धरनाकडं जाववत न्हाई. पाण्यावर नदर गेली की पाय माघारी वळत्यात.”

नऊ वर्षं मी ज्याला विसरणं समजत होते ते हे होतं. मला माझीच लाज वाटली. दादा आईकडे वळले. “बुधवारी किती वाजताची गाडी हाय?”

बुधवारी आळेफाट्यावरून मंचर, तिथून घोडेगाव, पुढे जीप. पाणी खूप मागे हटलं होतं. भेगाळलेल्या गाळात जिकडेतिकडे सारखीच काळी जोती, वीतभर वर आलेली. बाकीचे देवळाच्या चौथऱ्याकडे गेले. दादा त्यांच्यामागे गेले नाहीत. कुणालाही न विचारता, इकडेतिकडे न बघता ते सरळ चालत गेले आणि दगडांच्या एका ओळीपाशी थांबले. आत गाळ सुकलेला होता, दुसरं काही नव्हतं. आई आणि मी दहा पावलं मागे थांबलो. ते आता माघारी फिरतील असंच मला वाटत होतं.

त्यांनी डाव्या बाजूला चपला काढून ठेवल्या. आमच्या जुन्या घराचं दार ठेंगणं होतं. दादांनी मान खाली घातली, नीट वाकून पाय टाकला आणि आत गेले. आईनं आणि मीही चपला काढल्या.