अंग चोरणारं वळण

जुन्या बाजारामागे ट्रामचा रस्ता एकदम अरुंद होतो. दोन्हीकडची घरं पुढे झुकून एकमेकांच्या कानात काही सांगत असावीत, आणि त्यांच्या मधूनच ट्राम जाते. ड्रायव्हर लोक त्या वळणाला चिमटा म्हणतात. चिमटा आला की गाडीतली माणसं आपोआप अंग चोरतात. पोटं आत जातात, कोपरं बरगड्यांना चिकटतात, मांडीवरच्या पिशव्या छातीशी येतात. माणसं बारीक झाली की गाडीही बारीक होईल, असं काहीतरी त्यांच्या शरीराला वाटत असावं.

त्यांतल्या एका ड्रायव्हरचं घर ऐन चिमट्यात होतं. उंच जोतं, रस्त्यावर पुढे आलेली लाकडी खिडकी, आणि खिडकीत त्याची थोरली बहीण. तरुणपणी तिचं कमरेचं हाड मोडलं, ते नीट सांधलंच नाही. काठी टेकत ती घरात फिरे, पण ट्रामच्या उंच पायऱ्या तिला कधी चढता आल्या नाहीत. शिंप्याकडून आलेल्या शर्टांची काजं-बटणं ती त्या खिडकीत बसून करी. तिथे तीन बाजूंनी उजेड यायचा.

खिडकी आणि ड्रायव्हरची जागा एकाच उंचीवर. मार्ग गोल, त्यामुळे गाडी दर फेरीला तिच्या तोंडासमोरून जाई. जाताना एक वाक्य मावे. जास्त नाही.

"नळ गळतोय," ताई म्हणे.

मग गाडी नदी ओलांडी, गोदामांच्या लांबलचक भिंतींशेजारून जाई, शाळा, दवाखाना, आणि पुन्हा चिमटा.

"कुठला?"

पुन्हा नदी. पाणी पुढे गेलेलं, पूल तिथेच.

"तुझ्या डोक्यातला. मोरीतला रे, दुसरा कुठला?"

त्यांची भांडणं अशी दिवसभर चालत, आणि मधे सगळं शहर येई. राग नदीवर थोडा निवे, गोदामांपाशी पुन्हा तापे. संध्याकाळी घरी मात्र दोघं गुपचूप जेवत. बोलणं रुळांवर होऊन गेलेलं असे.

मग नव्या ट्राम येणार असं ठरलं. लांब, जमिनीलगतच्या, आवाज न करणाऱ्या. आणि जुन्यांपेक्षा रुंद, दोन्ही अंगांनी वीतभर. ती वीत रस्त्यात कुठे मावते, हे बघायला एका जुन्या ट्रामच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलचे जाड पत्रे बसवले. पत्रा जिथे घासेल, तिथली वस्तू हटवायची. मग ते झाड असो, दुकानाचं छप्पर असो, की घराचा कोपरा.

गाडी चालवायला त्यालाच बोलावलं. डेपोतले सोबती हसले. "काय रे, गाडीला अंथरुणात गुंडाळून कुठे निघालास? सर्दी झाली का तिला?"

कुठे घासतं ते टिपून घ्यायला मोजणीवाली बाई त्याच्यामागे उभी राहिली. गाडी निघाली. एका पाटीला पत्रा घासला, एका फांदीला घासला. मागे पांढरे दाणे उडत राहिले, रस्ता पुसट होत गेल्यासारखा.

चिमटा आला. त्याने हात आवरला. जुनी ट्राम वेगात असली की वळणावर कंबर हलवते. त्या दिवशी त्याने तिला कंबर हलवू दिली नाही. माणूस चालेल त्याहूनही हळू, झोपलेल्या मुलाला एका खोलीतून दुसरीत न्यावं तशी नेली. पत्रा खिडकीशेजारून केसभर अंतर राखून निघून गेला.

"आज फार गुमान चाललीय तुझी गाडी," ताई म्हणाली. तिचं कोपर खिडकीच्या फळीवर होतं, नेहमीसारखं.

खिडकी वाचली होती. पण ते कोपर त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. उद्या दुसरा कुणी ड्रायव्हर, उशीर झालेला, रुंद गाडी, नेहमीचा वेग. ताई सुईत दोरा ओवत असेल, मान खाली.

पुढच्या थांब्यावर त्याने गाडी उभी केली.

"बाई, चिमटा पुन्हा घ्यायला लागेल. मी गाडी निजवून आणली."

"दिसलं मला," ती म्हणाली. "तुम्ही बोलताय का, वाट बघत होते. नाहीतर मीच बोलणार होते."

सबंध फेरी झाली. चिमट्याच्या तोंडाशी तो ओरडला, "ताई, कोपर आत!" आणि गाडी नेहमीच्या वेगात वळवली. करकर आवाज झाला. खिडकीतून पांढरे दाणे आत शिरले, शर्टांवर बसले, ताईच्या केसांत बसले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती सुईच्या टोकाने कॉलरवरचे दाणे टिपत होती.

"खिडकी जाणार, ताई."

"मुद्दाम जोरात आणलीस?"

"नेहमीसारखी आणली."

"हळू आणता आली असती."

"आणली होती. पहिल्यांदा."

तिने कॉलरवरचा शेवटचा दाणा टिपला. मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "काजं कुठे बसून करू, तेवढं सांग."

ते वाक्य घेऊन तो किती फेऱ्या फिरला कोण जाणे. नदी आली, गोदामं आली, उत्तर आलं नाही. खिडकी कापली, भिंत सपाट झाली, तिच्यात एक साधी काच बसली. ताई दिवसाही दिवा लावू लागली.

नव्या गाड्या सुरू झाल्या. ड्रायव्हरपुढची काच उघडत नव्हती. चिमट्यात त्याला भिंतीतल्या काचेमागे ताईचे ओठ हलताना दिसत, पाण्याखालच्या माणसासारखे. हा मान हलवी. कशाला हो म्हणतोय, ते त्यालाही ठाऊक नसे.

एका सकाळी काचेमागे ती नव्हती. वळणापुढच्या थांब्यावर होती. एका हातात काठी, काखेत शर्टांचं गाठोडं. दार उघडलं. गाडीची जमीन आणि फलाट एकसारखे, मधे उंबरठ्याएवढीही उंची नाही. तिने आधी काठी आत टेकली, थोडी थांबली, मग पाय टाकला. त्याच्या मागची पहिलीच जागा मिळाली. मोठमोठ्या काचा, तीन बाजूंनी उजेड. डोक्यावर पाटी होती: चालकाशी बोलू नये. तिने ती वाचली, गाठोडं सोडलं आणि पहिलं काज धरलं. गाडी निघाली, पण हिसका म्हणून बसला नाही.

नदी गेली, गोदामं गेली. चिमटा आला. आता दोन्हीकडे भरपूर जागा होती, तरी सगळ्या गाडीने अंग चोरलं. ताईने मात्र मान वर करून बाहेर पाहिलं. सपाट भिंत, एक काच, मागे विझलेला दिवा. सगळं क्षणात मागे पडलं.

"केवढंसं आहे रे आपलं घर," ती हळूच म्हणाली.

पूल आला, पाण्यावर गाडीची लांब सावली पडली आणि निघून गेली. ताईची दोन काजं झाली. पुन्हा चिमटा आला, पुन्हा पोटं आत गेली.

"आतून मोठं आहे," तो समोर बघत म्हणाला.