पायरीवरचं ताट

शेवगावच्या मोटार स्टँडवर दादांनी माझ्या ट्रंकेत शेवटी पत्रकांची चळत घातली. दादा म्हणजे माझे वडील, मिशनच्या शाळेतले मास्तर. वरचं पत्रक मी मराठीत केलेलं: अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या बहुपत्नीत्वावर. एकही मॉर्मन न पाहता ते मी बाजारात गरजून वाचलं होतं. आई एवढंच म्हणाली, "ज्याच्या घरी जेवशील त्येला नावं ठिऊ नगं, बाळा."

इथे अमेरिकेत, कॉलेजच्या गावात, काळ्या माणसाला कुणी खोली देईना. दिली ती विधवा हेलनबाईंनी. स्वतः चहाला शिवत नसत, पण माझ्यासाठी रोज उकळत. महिन्याभराने कळलं, त्या मॉर्मन; त्यांच्यात चहा वर्ज्य.

मग पेपरात आलं, दूरच्या डोंगरी मुलखात अनेक बायका करणारे पकडले. हेलनबाईंच्या पंथाने ती चाल केव्हाच सोडलेली, करणाऱ्याला ते हाकलून देतात. पण पेपर वाचून झाल्यावर हे ऐकायला थांबतो कोण? दूधवाला दात काढून विचारू लागला, "बाई, तुमचा नंबर कितवा होता?" कुंपणावर कुणी डांबराने शिवी लिहिली. जिच्या बाळंतपणात बाई राबल्या, त्या समोरच्या शेजारणीने त्यांनी पाठवलेला केक ताटासकट आमच्या पायरीवर आणून ठेवला. न शिवता.

ते ताट माझ्या ओळखीचं होतं. नाताळात आई शेजारी करंज्या पाठवी. ताट रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपली रीत. आमचं ताट करंज्यांसकट उंबऱ्याबाहेर सापडे. बाटग्यांचं म्हणून.

आता इथले पाळक म्हणतात, "तू त्या घरात राहतोस. रविवारी चर्चमध्ये त्या लोकांचं सगळं उघडं कर." माझी शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात आहे. आणि दादांचं पत्र आलंय: पत्रक पुन्हा छापतोय, तिकडचा ताजा मजकूर धाड.

मी उत्तर लिहिलं: दादा, छापू नका. मी न पाहता लिहिलं. आपल्याबद्दलही लोक न पाहताच बोलत होते.

केक परत आला त्याच दिवशी मी पायरीवर बसून सगळ्यांदेखत तो खाल्ला. ताट धुतलं, साखर घातली, बाईंच्या हातात दिलं. त्यांना रीत कळली नाही, तरी डोळे भरले. समोरचा पडदा हलला. काल पुढच्या दाराची काच फुटली.

रविवारी मी हेच सांगणार आहे. शिष्यवृत्ती जाईल, म्हणून ट्रंक भरून ठेवली आहे. घर कुठलं विचारलं की मी शेवगाव म्हणायचो. अजूनही म्हणेन. पण ज्या दारी ताट न शिवता परत येतं, ते प्रत्येक दार आता मला आपलं वाटतं, आणि अशी दारं इथेही आहेत.