मुठीतलं पातं

रसायनीच्या कारखान्यात वीस वर्षं काढल्यावर मी कळंबजवळ थोडी जागा घेतली. सुट्टीला तिथं जायचं, कुंपण नीट करायचं, चुलीवर जेवण करायचं, एवढीच हौस. या सगळ्याला एकच सुरा पुरावा असं मनात होतं. त्यानं जळणाची फाटी फुटावीत, वेल तुटावेत आणि कांदाही चिरता यावा. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून शेवटी एक मागवला. काळं पातं, पाठीला करवतीचे दाते, रबराची मूठ.

जागेची राखण वरच्या ठाकूरवाडीतले एक गृहस्थ करायचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी सुरा हातात घेतला. दात्यांकडे पाहिलंही नाही. मुठीवरून अंगठा फिरवत विचारलं, "भाऊ, पातं आत कुठवर गेलंय?"

"पार शेवटपर्यंत असेल."

"असंल, का हाय?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "हलका किती आहे बघा ना."

"हलकं तर मोराचं पीस पन असतंय," म्हणून ते हसले.

दोन महिन्यांत कळलं. एक ओंडका फोडायला मी सुऱ्याच्या पाठीवर दगड हाणला आणि मूठ डुगडुगायला लागली. पातं आत जेमतेम बोटभर गेलेलं होतं. मी फटीत चिकटवायचा लगदा भरला, वरून पुसून घेतला. सुरा पुन्हा नवा दिसू लागला.

मामांच्या कमरेला लाकडी आकडीत कोयता अडकवलेला असायचा. लोहाराकडून स्वतःच्या हातासारखा घडवून घेतलेला. एकदा मी तो चालवून पाहिला आणि मला हाव सुटली.

"मामा, अदलाबदल करू या."

"नको भाऊ. ह्यो माज्या हाताचा हाय. तुमच्या हातात नाय बसायचा."

"अहो, माझा महागाचा आहे. तुमचाच फायदा."

त्यांना काम देणारा मी. ते किती वेळा नाही म्हणणार? धारेची वस्तू हातात देऊ नये, वैर येतं, असं इकडे मानतात. त्यांनी कोयता जमिनीवर ठेवला आणि मी तो उचलला. माझा सुरा मात्र मी सरळ त्यांच्या हातात दिला. मूठ हलत होती, हे सांगितलं नाही.

माघात ते ऐनाच्या झाडावर चढले. भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायला फांद्या लागतात, त्याला राब म्हणतात. डाव्या हातानं फांदी धरून त्यांनी घाव घातला आणि पातं मुठीतून निसटून त्याच मनगटावर आलं.

गाडीत टॉवेलात गुंडाळलेला हात छातीशी धरून ते म्हणाले, "माजीच चूक, भाऊ. नवी वस्तू, सवय नव्हती." मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. "झाडावर काम करताना," मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

हात वाचला, पण तीन बोटं मिटत नाहीत. भाताची पेंढी बांधता येत नाही, झाडावर चढणं तर संपलंच. दवाखान्याचं सगळं मी पाहिलं, म्हणून वाडीत माझं नाव झालं.

गेल्या महिन्यात त्यांच्या अंगणात बसून मी सांगून टाकलं. मूठ, दगड, लगदा, सगळं. मामांनी एकच विचारलं.

"दिला तवा ठावं व्हतं?"

"होतं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. आत मामी चहा करत होत्या. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला सांगितलंत, आता तिला नका सांगू. ती रोज देवापुढं तुमच्या नावाचं फूल ठेवतीय. तिला कुनावर तरी भरवसा असू द्या."

मामी कप घेऊन बाहेर आल्या. "घ्या भाऊ. तुमी व्हतात म्हनून, नायतर यांचा हातच गेला असता."

मामा जमिनीकडे बघत होते. मी कप घेतला आणि म्हणालो, "त्यात काय एवढं, मामी."