पाय कुणाचा?

गॅरेजात कुणी आलं की शमुवेलमामा आधी माणसाच्या पायांकडे बघायचे. गाडीकडे मागाहून. पाटसला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रकांचे क्लच बसवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचा स्वतःचा डावा पाय मात्र एका अपघातात अधू झाला होता. ट्रकचं पेडल दाबायचा जोर त्यात उरला नाही, आणि कित्येक वर्षांत त्यांनी स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. ती हळहळ ते बोलून दाखवत नसत.

मी शिक्रापूरच्या एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे घमेंड होतीच. चार वर्षं खपून मी एक जुनी परदेशी गाडी उभी केली होती. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, त्यात हवा कोंबायला सुपरचार्जर. ताकद रग्गड, पण जुना क्लच ती चाकांपर्यंत पोचू देईना, नुसता घसरायचा. बायकोनं निक्षून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर भंगारात.

मामांना मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की रोटरच्या गाडीला क्लच हवाय. गेलो तर त्यांनी ट्रॅक्टरच्या क्लचची भलीमोठी प्लेट पुसून ठेवलेली. बरोबरच होतं. आमच्याकडे रोटर म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून ढेकळं फोडायचं अवजार. मग अर्धा तास मी इंजिन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पाय कुनाचा?"

मला काही कळेना. मी विचारत होतो फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनला जोडून फिरणाऱ्या, क्लच टेकतो त्या चाकाचं. इंटरनेटवर एक म्हणे हलकं घ्या, इंजिन चटकन उसळतं. दुसरा म्हणे जड घ्या, नाहीतर निघतानाच बंद पडेल. क्लचचीही तीच तऱ्हा. वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झाला होता, आणि मामा आपले माझ्या चपलांकडे बघत बसलेले. वैतागून मी स्वतःच्या अकलेनं सगळ्यात हलकं फ्लायव्हील आणि शर्यतीचा कडक क्लच मागवून स्वतःच बसवला. शिक्रापूरच्या चौकात गाडी सात वेळा बंद पडली. मागं ट्रकांची रांग, आणि पेडल दाबून दाबून माझी मांडी लटलटत होती.

निमूट पाटसला गेलो. मामा टोचून बोलले नाहीत.

"जड चाक फिरल्यालं ध्यानात ठिवतं, हलकं लगीच इसरतं. तुमाला शर्यत न्हाई लावायची, चौकातनं निघायचंय. आन् एका पैलवानापरीस दोन साधे गडी लावा. पेडल मऊ ऱ्हातं."

दोन गडी म्हणजे दोन प्लेटांचा क्लच. जड फ्लायव्हीलसकट तो मामांनी दिवाळीच्या तोंडावर बसवला. पेडल इतकं मऊ लागलं की मी पुन्हा गोंधळलो. एवढं मऊ कशाला? विचारणार तोच मामा आत जाऊन बसले. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी पेडलवर ठेवला आणि दाबला. गाडी एकही हिसका न देता निघाली, कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. उतरताना त्यांचे डोळे भरले होते. मलाही राहवलं नाही.

गाडी भंगारातून वाचली. मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेला मी हीच गाडी घेऊन गेलो. चौकात क्लच दाबताना अजून कोडं पडतं, हे पेडल त्यांनी माझ्यासाठी निवडलं की स्वतःसाठी. त्यांनी "पाय कुनाचा?" विचारलं, तेव्हा मी 'माझा' असं म्हणालोच नव्हतो.