‘मोकळी कर’ कोण म्हणालं?

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. आमच्या भागात चार माणसं जमली की चकवा, देवचार असल्या गजाली निघायच्याच, आणि मी त्यात हमखास खोडा घालायची. "तू स्वतः बघितलंस, की तुझ्या मावशीच्या दिराने?" एवढं विचारलं की निम्म्या गजाली तिथेच बसायच्या. त्यामुळे लोक मला टाळायचे... टाळू देत.

त्यात माझी नोकरी कुडाळच्या टेलिफोन एक्सचेंजमधली. ही गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची. तेव्हा बाहेरगावचे कॉल आमच्या हातून जायचे आणि दिवसभर कानाला हेडफोन असायचा. समोरच्याने नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की कोण बोलतंय ते मी सांगायची, त्याला सर्दी झालेली असली तरी! आवाज ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं, एवढं लक्षात ठेवा.

माहेर देवबागचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते — मालवणच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि टोकाला दोघांची गाठ पडते. त्या तोंडावरची वाळू एका जागी कधी राहत नाही. गेल्या महिन्यात जिथून होडी गेली तिथे या महिन्यात गुडघाभर पाणी असू शकतं.

माझा मोठा भाऊ जगू, मी त्याला दादाच म्हणायची, मासेमारी करायचा. त्याचा आवाज हा गावात चेष्टेचा विषय होता. जगू देवबागात शिंकला की पलीकडे भोगव्यात माणसं दचकतात, असं म्हणायचे. त्या वर्षी शिमग्यात त्याचा घसा बसला, तो मे महिना आला तरी सुधारेना. काढे झाले, गुळण्या झाल्या... नुसती कुजबुज उरली. शेवटी कुडाळच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं, दादाला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "गोव्याला मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर करू नका." त्यांच्या आवाजावरूनच मला काय ते कळलं.

मी रजा टाकली. पण दादाचं घोडं अडलं होडीपाशी. ती निवतीला बंद पडून होती. इंजिनाचं काम, शिवाय तळाची फळी बदलायची, आणि कुडाळचा मिस्त्री म्हणाला होडीच घेऊन या. म्हणजे निवतीहून समुद्रातून ओढत देवबागच्या तोंडाशी आणायची, खाडीत शिरून वर नेरूरपारपर्यंत न्यायची, आणि तिथून ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर कुडाळला. हे सगळं पावसाळ्याच्या आत.

"आधी होडी, मगे गळो," दादा कुजबुजला. मी खूप भांडले. त्याने चक्क हात जोडले, तेव्हा गप्प बसले.

ओढायला वसंतकाकांची लाँच ठरली. वसंतकाका आमचे शेजारी, जुने तांडेल, होड्या हाकण्यात मुरलेले. दोरावर त्यांचा खलाशी भिकू. ओढल्या जाणाऱ्या होडीत सुकाणूवर माणूस लागतोच, नाहीतर ती मोकाट गुरासारखी वाट सोडून पळते. तिथे दादा सोडून दुसरं कोणी बसणं त्याला चाललंच नसतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. होडी ओढताना आमच्याकडची माणसं ‘सोड’ हा शब्द तोंडातून काढत नाहीत. देवाधर्माचं काही नाही त्यात. वाऱ्यात आणि इंजिनाच्या धडधडीत ‘ओढ’ आणि ‘सोड’ सारखेच ऐकू येतात, बस्स. म्हणून दोर सोडायचा तर ओरडायचं ‘मोकळी कर’. मागच्या होडीतून ते ऐकू आलं की पुढच्याने कारण विचारायचं नाही, दोर सोडायचा, आणि सुटत नसेल तर कापायचा.

पण दादाला आवाज कुठे होता? म्हणून पंचा ठरला. पंचा फिरवला तर ओढत राहायचं, डोक्यावर धरून ठेवला तर मोकळी. आणि तो पंचा बघायला लाँचच्या मागच्या टोकाला मी. एरवी काकांनी बाईमाणसाला लाँचवर घेतलं नसतं, पण मी दादाला एकटं सोडणार नव्हते.

"शालू, नजर हलव नको," काका म्हणाले. "पुढे काय ता मी बघतंय. मागे जगूक तू बघ."

म्हणजे एक्सचेंजचंच काम, फक्त वायरीच्या जागी दोर!

सकाळी निवती सोडली. भरती असतानाच खाडीत शिरायचं होतं. वारा मागून होता आणि वाढत होता. दोर सैल पडायचा, पाण्यात बुडायचा, मग खाडकन ताणायचा, आणि त्या प्रत्येक झटक्याला मी लाँचची कड घट्ट धरायची. दादाची होडी केवढीशी दिसत होती. मी घाबरलेय हे त्याला कळलं असावं, कारण तो मधूनच हात हलवून हसायचा. त्या हसण्याने मला जास्तच भरून यायचं. आज होडीचं होऊ दे, उद्या गोव्याला... एवढंच मनात घोकत होते.

देवबागचं तोंड आलं. पांढरा फेस दोन्हीकडे फुटत होता आणि मधे पाण्याची वाट दिसत होती. काकांनी इंजिन मंद केलं, एक-दोन लाटा जाऊ दिल्या, आणि म्हणाले, "चल, आता!" लाँचने जोर धरला. तेवढ्यात दादाच्या पाठीमागे एक मोठी लाट उठताना मला दिसली. त्यालाही दिसली. तो पंचा जिवाच्या आकांताने फिरवायला लागला... ओढा, ओढा, जोरात ओढा!

"काका, ओढा म्हणतोय!" मी किंचाळले.

आणि तेव्हाच ऐकू आलं —

"मोकळी कर गो!"

दादाचा आवाज. बसलेला नाही, पहिल्यासारखा, भोगव्याला ऐकू जाणारा. पण लांबून आल्यासारखा नव्हता. हेडफोनमध्ये ट्रंक कॉल स्वच्छ लागावा तसा थेट कानात. मधे ना वारा, ना इंजिन. आणि शेवटी ‘गो’... लाँचवरच्या पुरुषांना कोणी ‘गो’ म्हणत नाही. ती हाक मला होती.

मी दादाकडेच बघत होते, तेच तर माझं काम होतं. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात तो गरगर फिरणारा पंचा.

भिकू कोयती घेऊन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "शालूताई, कापू काय? मोकळी म्हटल्यान... पण पंचो तर फिरवतासा!"

डोळे सांगत होते ओढ, कान सांगत होता मोकळी. विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी विचार केलाच नाही. आयुष्यभर कानावर भरवसा ठेवला होता, तोच ठेवला.

"काप!"

दोर सुटला. त्या क्षणी दादाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला अजून झोपेत दिसते. सगळ्या जगाने फसवलं तरी चालेल, पण तू? असं काहीतरी होतं त्यात. आपण भावाला आपल्या हाताने मारलं, असंच मला वाटलं.

पुढच्याच क्षणी लाँच धाडकन थांबली. काकांच्या त्या पाण्याच्या वाटेत, खाली, नवीन वाळू येऊन बसली होती. मी फळ्यांवर आपटले, भिकू इंजिनाच्या पेटीवर. लाट आमच्या अंगावरून गेली. डोळ्यांतलं खारं पाणी पुसून बघते तर दादाची होडी त्याच लाटेवर उचललेली, आमच्या अगदी बाजूने सरकत पुढे चाललेली. त्याने सुकाणू अंगाखाली दाबून धरलं होतं. ती तशीच आत गेली आणि खाडीच्या संथ पाण्यात जाऊन थांबली.

मी तिथेच बसून लहान पोरीसारखी रडले.

दोर असता तर काय झालं असतं ते मला कोणी समजवायची गरज नव्हती. लाँच वाळूत रुतलेली, होडीचं नाक तिला बांधलेलं, मागून लाट... होडी आडवी होऊन उलटली असती. काका ओलेचिंब बसून एवढंच म्हणाले, "दोर आसतो तर जगू गावलो नसतो."

पाणी अजून चढलं तशी लाँच सुटली. मग पुन्हा दोर लावून नेरूरपार. ट्रॅक्टर येऊन उभाच होता. होडी ट्रेलरवर चढवली, खाली पेंढ्याची पोती घातली, भिकू साखळी आवळत होता. तेव्हा दादा माझ्या जवळ आला आणि रागाने कुजबुजला, "दोर कित्याक कापलंस गो? मी ओढ म्हणान सांगी होतंय!"

भिकूचे हात थांबले. काका म्हणाले, "अरे, तूच आराडलंस मां, मोकळी कर म्हणान?"

"मी?" दादाने गळ्याला हात लावला. "ह्यातसून?"

"देवाशपथ," भिकू म्हणाला. "तुझोच आवाज."

दादा आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिला. मग ट्रेलरच्या मागे गेला. ट्रॅक्टर चढावाला लागला तेव्हा तो होडीला हात लावून मागून चालत होता, आणि मी त्याच्या मागून.

गोव्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, भीतीने एकदाच अशी जोरात हाक जाऊ शकते का? ते म्हणाले, "त्या घशातून? शक्यच नाही." बरं, भास म्हणावा तर तिघांना एकदम कसा झाला? भोगव्याच्या किनाऱ्यावरून कोणी ओरडलं म्हणावं, तर दादाच्या आवाजात, आणि वर ‘गो’ लावून? समजा दादाच ओरडला, तरी त्याला पुढची वाळू दिसत नव्हती, त्याच्यासमोर लाँच होती. तो तर जीव तोडून ओढ म्हणून सांगत होता. दुसऱ्यांच्या गजालीत खोडा घालणारी मी, माझ्याच गोष्टीला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

दादा पुढे बरीच वर्षं जगला, त्याच होडीवर. मी माहेरी गेले की कधीतरी तो शेजारी येऊन बसायचा, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवायचा आणि मग माझ्या कानावर. म्हणजे, सांग, आवाज कसो होतो?

"खणखणीत होतो," मी सांगायची. "पयल्यासारखो."

तो मान हलवायचा आणि परत कानावर बोट ठेवायचा. मी परत सांगायची. दादाचा आवाज शेवटचा ऐकला तो आम्ही तिघांनी. ज्याचा होता, त्याला मात्र ऐकू आला नव्हता.