हेडर आहे, आत काही नाही

मीनाताईंचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. "अगं, अविनाश गेला..." एवढंच बोलल्या. मी नौपाड्यातल्या ऑफिसात, त्याच्याच रिकाम्या खुर्चीशेजारी, स्क्रीनवरचं हिरवं 'आहे' बघत बसले.

अविनाशदादा म्हणजे मीनाताईंचा धाकटा भाऊ, आमच्या चारजणांच्या ऑफिसातला सगळ्यात मुरलेला प्रोग्रामर. डोंबिवलीत एकटा राहायचा. पहिला अटॅक येऊन गेल्यावर मी अक्षरशः भांडून एक गोष्ट त्याच्या गळी उतरवली. रोज सकाळी सातला त्याचा फोन आपोआप आमच्या सर्व्हरला निरोप पाठवणार. अशा निरोपाच्या वर, पाकिटावर पत्ता असतो तशा काही ओळी असतात, त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या एकात त्याने उठल्यावर एखादा शब्द टाकायचा. हेडर आलं नाही तर माझा फोन वाजणार. "पण आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही हं," त्याने बजावलं. "आहे की नाही, एवढंच तपास. पाळत नकोय मला. म्हातारा नाही झालो अजून!" हेडर रिकामंही येऊ शकतं, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. ते तपासायला कोडची एक ओळ जास्त लिहायची होती. त्याच्या तिरसटपणाला भिऊन मी नाही लिहिली...

त्या सकाळी हेडर आलं होतं. रिकामं. डॉक्टर म्हणाले, आठच्या आत आणलं असतं तर वाचले असते. मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी स्वतःची चीड आली.

तेरावं झाल्यावर जुने निरोप उघडले. 'पोहे.' 'गुडघा.' 'दूध नासलं मेलं.' आणि एका सोमवारी, 'तू वाचतेयस ना गं?' तेव्हा मात्र मी ढसाढसा रडले.

मग ती राहिलेली ओळ लिहिली. हेडर रिकामं असेल तरी वाजव. दुसऱ्याच दिवशी सातला माझा फोन वाजला. दादाचा निरोप, आत काही नाही. तडक कल्याणला मीनाताईंकडे गेले. त्यांनी कपाट उघडून साड्यांखालून त्याचा फोन काढला. बंद. बॅटरी पार मेलेली. "त्या दिवसापासून हातसुद्धा लावला नाही गं मी," त्या म्हणाल्या. सिमकार्ड काढून घरी आणलं. तरी माझा फोन परवा वाजला, काल वाजला.

"बंद करून टाक ना ते," नवरा म्हणतो. मिनिटाचं काम आहे, कळतं मला. पण पावणेसात झाले की मी चपला घालून दाराशी बसते.